अनोळखी माणसाशी वाद घालताना

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला बोलायला सांगितले आणि विषय माझ्यावर सोडला. मी व्याख्याता नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला अभियंता आहे. आमच्या खात्यात माणसाने कमी बोलावे आणि जे बोलेल ते वहीत लिहून ठेवावे, असा रिवाज आहे. तरीही आजचा विषय मी मुद्दाम निवडला, कारण तो आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात रात्रीच्या जेवणानंतर चालू असतो. ज्याचे तोंडही आपण कधी पाहिले नाही, अशा माणसाशी आपण मोबाइलवर वाद घालतो. कधी कायद्यावर, कधी नव्या तंत्रज्ञानावर, कधी समाजावर. हा वाद घालावा का, आणि घालायचा तर कसा?

घरची मंडळी म्हणतात, "कशाला त्या परक्या माणसाशी डोके फोडता? तो काय बदलणार आहे?" प्रश्न रास्त आहे. पण माझे उत्तर असे आहे की वाद घालावा. मात्र रीतीने घालावा.

पहिली गोष्ट म्हणजे ही खोड मोबाइलने लावलेली नाही. ती आपल्या मराठी माणसाची जुनीच आहे. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रे लिहिली ती 'लोकहितवादी' या टोपणनावाने. रखमाबाईंचे उदाहरण तर फार मोठे आहे. लहानपणी झालेले लग्न त्यांना मान्य नव्हते आणि नवऱ्याने त्यांना कोर्टात खेचले होते. १८८५ साली त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. खाली नाव नव्हते, फक्त 'एक हिंदू स्त्री' एवढेच होते. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. तेव्हा नाव लपवून लिहिणारा प्रत्येक जण भेकडच असतो, असे आपण सरसकट म्हणू नये. काही वेळा नाव झाकल्याशिवाय खरे बोलता येत नाही.

पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याचा तो कायदा. सरकारने यात पडू नये असे टिळकांचे म्हणणे, आणि कायदा हवाच असे आगरकरांचे. दोघे एके काळचे जिवलग मित्र, पण 'केसरी' आणि 'सुधारक' यांतून सबंध महाराष्ट्राने तो वाद वाचला. आगरकरांची तर लोकांनी ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. आज कोणी आपल्याला दोन वाईट शब्द लिहिले की आपण रात्रभर झोपत नाही. त्या माणसाने स्वतःची तिरडी पाहिली आणि लिहिणे चालू ठेवले.

आपल्या रायपूरचेही उदाहरण आहे. सप्रे शाळेवरून आपण रोज जातो. त्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाने हिंदी पुस्तकांची परखड समीक्षा केली आणि तीही अशा लेखकांची, ज्यांना ते भेटलेले नव्हते. परप्रांतात राहून, दुसऱ्यांच्या भाषेत, दुसऱ्यांशी मतभेद सांगायचा आणि तरी त्यांचा आदर मिळवायचा, हे त्यांना साधले. आपणही रोज हिंदीतच वाद घालतो, तेव्हा त्यांच्याकडे पाहावे.

फरक कुठे पडला? तेव्हा पत्र पोचायला दिवस लागत, मध्ये संपादक बसलेला असे आणि राग शाईबरोबर वाळून जाई. आज राग आला की दोन मिनिटांत तो हजार घरांत जातो.

याचे दोन परिणाम आपल्या महाराष्ट्रातच झाले. पहिला पालघरचा. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिले की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली आणि त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. बाळासाहेबांविषयी इथल्या अनेकांना आदर आहे, मलाही आहे. पण प्रश्न तो नाही. प्रश्न असा की दोन ओळींचे मत लिहिल्याबद्दल मुलींनी पोलीस ठाण्यात का जावे?

त्यांना लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम होते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. कशाबद्दल? तर त्रासदायक, गैरसोयीचे, अत्यंत आक्षेपार्ह असे काही पाठवल्याबद्दल. आता मला सांगा, त्रास कशाने मोजायचा? आमच्याकडे ब्रॉडगेजचे दोन रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटरवर असतात. 'बेताच्या अंतरावर टाका' असे लिहिले असते तर एकही गाडी चालली नसती. कायद्याच्या शब्दालाही माप लागते. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. निकालात एक सुंदर भेद केला आहे. एखाद्या मताची चर्चा करणे वेगळे, त्याचा पुरस्कार करणे वेगळे आणि लोकांना चिथावणे वेगळे. चर्चा आणि पुरस्कार कितीही अप्रिय असले तरी चालतील, कायद्याने हात घालावा तो चिथावणीवर. कलम रद्द झाल्यावरही गुन्हे नोंदवले जात राहिले, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. मात्र याचा अर्थ सगळे मोकळे आहे असा नाही. बदनामी, दोन समाजांत वैर पेरणे, घबराट पसरवणारी खोटी बातमी देणे यांची कलमे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत.

दुसरा परिणाम याहून भयंकर. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरलेली. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. पालघरला जे लिहिले गेले ते मत होते आणि त्याला उत्तर मतानेच द्यायला हवे होते. राईनपाड्याला जे पसरले ते मत नव्हतेच, ती माहिती म्हणून फिरणारी खोटी गोष्ट होती. तिथे वादाची गरज होती. कुठल्या गावचे मूल? कोणत्या ठाण्यात तक्रार? हा निरोप तुला कोणी दिला? असे चार प्रश्न वेळेवर विचारणारी माणसे प्रत्येक गटात हवीत. म्हणून मी म्हणतो, गप्प बसणे हा उपाय नव्हे. आपण मतावर तुटून पडतो आणि अफवेला मुकाट्याने पुढे ढकलतो. हे उलटे झाले पाहिजे.

आता रीत कोणती, ते माझ्या कामातून सांगतो. ज्या फाटकाला सिग्नलची जोड नसते, तिथे गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर गेटमनला फोन करतो. गाडीचा नंबर सांगतो. गेटमन तो परत म्हणून दाखवतो, फाटक बंद करतो आणि एक प्राइव्हेट नंबर देतो. तो नंबर दोघांच्या वहीत चढतो. नुसते "हो, समजले" आमच्याकडे चालत नाही. निरोप परत म्हटला गेला नाही तर तो पोचलाच नाही, असे आम्ही धरतो. याच साध्या सवयीवर लाखो माणसांचे प्राण सुखरूप राहिले आहेत.

मी वादात तेच करतो. मागे एका गृहस्थाशी फाटकावरून माझी जुंपली. गाडी दिसत नसताना दहा दहा मिनिटे फाटक बंद ठेवता, ही तुमची मुजोरी, असे त्यांचे म्हणणे. मी आधी एवढेच लिहिले, "आपले म्हणणे असे ना, की गाडी जवळ आल्यावर फाटक बंद केले तरी चालेल, आणि लोकांचा वेळ फुकट जातो?" ते म्हणाले, "हो, अगदी हेच." मग मी सांगितले की मोठ्या फाटकांवर सिग्नल आणि फाटक एकमेकांत अडकवलेले असतात. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, आणि भरधाव गाडीला थांबायला एक किलोमीटरसुद्धा कमी पडू शकतो. म्हणून गाडी दिसण्याच्या बरेच आधी फाटक लागते. बंद फाटक जबरदस्तीने उघडणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १६० व्या कलमाखाली कैद होऊ शकते, तीही याच कारणाने. त्यांनी ते मान्य केले आणि मग विचारले, "आमच्या गावचे फाटक काढून खालून रस्ता केला. पावसात त्यात कमरेएवढे पाणी साचते. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे कसे?" याला माझ्या तंत्रात उत्तर नव्हते. गाडीची सुरक्षितता वाढली हे खरे, आणि त्या बाईची वाट अडली हेही खरे. तंत्रज्ञानाचा वाद इथेच समाजाचा वाद होतो. पाण्याचा निचरा हाही पुलाच्या कामाचाच भाग आहे, हे त्या दिवसापासून मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो. हे मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, एका अनोळखी माणसाने सांगितले.

समोरच्याचे म्हणणे आधी मांडायचे, याला आपले शास्त्रकार पूर्वपक्ष म्हणत. न्यायशास्त्रात वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, नुसते जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. पूर्वपक्ष परत म्हणून पाहिला की समोर यांतले काय चालले आहे ते लगेच कळते. "हो, हेच माझे म्हणणे" असे जो म्हणतो त्याच्याशी रात्रभर बोला. जो दर वेळी नवी शिवी काढतो, त्याला नमस्कार करून बाजूला व्हा. त्यात हार नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो. एक, शंका आली की लाल. आमची यंत्रणा अशी बांधलेली असते की तार तुटली, वीज गेली, काहीही बिघडले तरी सिग्नल लालच व्हावा. निरोप खरा की खोटा कळत नाही ना? मग तो पुढे जाऊ देऊ नका. दुसरी, संबोधन. आपल्याकडे अनोळखी माणूस वाटेत भेटला तर काका, ताई, भैया, दीदी म्हणून आपण बोलतो. पडद्यामागे तोच माणूस असतो. त्याचे वय, दुखणे, घरची काळजी आपल्याला दिसत नाही एवढेच. सुरुवात 'आपण'ने केली तर शेवट 'तू'वर जायला वेळ लागतो.

आणि तो बदलत नाही म्हणून खट्टू होऊ नका. वक्तृत्व स्पर्धेत आपण प्रतिस्पर्ध्याला उत्तर देतो, पण ऐकत असतात समोरचे लोक. इथेही वाचणारे पुष्कळ असतात आणि ते एक अक्षर लिहीत नाहीत. त्यांत आपली मुलेही असतात. बाबा परक्याशी कसे बोलतात, ते ती पाहत असतात.

शेवटी मंडळाला एक विनंती. १८९३ मध्ये टिळकांनी या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि त्यातून व्याख्यानांची परंपरा वाढली. पुढच्या वर्षी आपण मुलांची वादविवाद स्पर्धा घ्यावी आणि तिला एकच जास्तीचा नियम लावावा. प्रत्येक वक्त्याने पहिले एक मिनिट आधीच्या वक्त्याचे म्हणणे सांगावे, आणि तो वक्ता "बरोबर" म्हणाला तरच पुढे बोलावे. गुणांचा तक्ता मी तयार करून देईन. वेळ मोजायला घंटा मात्र मंडळाची.

एवढे बोलून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!