हाक पोहोचेल एवढं अंतर

 

परवा लोहारा तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, हिशोब झाला आणि बोलता बोलता विषय निघाला जुन्या गावाचा. भूकंप झाला तेव्हा आमच्यातल्या काही जणी रांगत होत्या, काही जन्मल्याही नव्हत्या. तरी जुनं गाव आम्हाला तोंडपाठ आहे, आई-आजीकडून आणि सासूबाईंकडून ऐकून. गावाची वेस, पारापर्यंतची अरुंद गल्ली, चावडी, वाण्याचं दुकान आणि दारोदारी ओसरी.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावं क्षणात कोसळली. किल्लारी, सास्तूर ही नावं साऱ्या देशाला कळली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. तेच झोपेतल्या माणसांच्या अंगावर आलं. म्हणून आधीच सांगतो, त्या भिंतींसाठी आम्ही हळहळत नाही.

पुढे 52 गावं नव्या जागी वसवली. सरळ रुंद रस्ते, ओळीने घरं. ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांची. घरं भक्कम मिळाली, पण गल्ली गेली. पूर्वी दारातून हाक मारली की शेजारीण यायची. ओसरीवर ज्वारी निवडता निवडता कोणत्या घरात आजार आहे, कोणत्या सुनेला त्रास आहे, ते कळायचं. नव्या गावात हाकच पोहोचेना. आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "घर मिळालं गं माय, पण बसायला जागा नाही मिळाली."

पुरुष पारावर बसले, फाट्यावरच्या हॉटेलात बसले. बायकांची ओसरी मात्र कुणाच्या नकाशात आली नाही, कारण बायकांना कुणी विचारलंच नाही.

विचारलं तर काय होतं, तेही याच भूकंपाने दाखवलं. जी गावं जागेवरच राहिली, तिथे घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' संस्थेबरोबर गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. भिंत मजबूत कशी करायची, हे त्यांनी शिकून घेतलं आणि घरोघरी समजावलं. पुढे यातल्या कितीतरी जणी बचतीच्या कामाला लागल्या.

आता गावागावांत रस्ते रुंद होतायत, घरकुलं उभी राहतायत, जुने पार मोडतायत. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही म्हाताऱ्या बायांना जमिनीवर खडूने जुनं गाव काढायला सांगणार आहोत. बाया कुठे बसायच्या, तिथे खूण करायची. तसा एक सावलीचा कट्टा नव्या गावात कुठे होईल, हे ठरवून महिला ग्रामसभेत मागायचं.

तुमच्या गावचा आराखडा निघण्याआधी तुम्हीही ही खूण करून ठेवा, मैत्रिणींनो. भिंती पुन्हा बांधता येतात. तुटलेला शेजार जोडायला आम्हाला तीस वर्षं पुरली नाहीत.