बाळंतिणीचा सव्वा महिना
(महिला मेळाव्यातील भाषण)



बाळंतिणीची सेवा कशी करावी, हे आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या स्त्रियांना मी सांगणे धारिष्ट्याचेच होय. तथापि एक चूक माझ्या पदरी आहे, म्हणून बोलते.

सव्वा महिन्याच्या विसाव्याची आपली रीत शहाणपणाची आहे. गर्भाशय पूर्वस्थितीला येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात विश्रांती, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू आणि तेलाचे मर्दन यांत वावगे काही नाही. मात्र कोंदट खोली, शेगडीचा धूर आणि पाणी तोडणे या गोष्टी सोडल्याच पाहिजेत. धूर मायलेकरांना बाधतो; अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तहान भागेल इतके पाणी हवेच. ताप, अतिरक्तस्राव वा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास काढ्यावर विसंबू नये. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

परंतु शरीराची एवढी निगा राखणाऱ्या आपण मनाची विचारपूस करतो काय? माझी थोरली लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती वरचेवर रडे. "रडू नये, दूध आटेल," असे म्हणून मी तिला गप्प केले. ती गप्प झाली, ती झालीच. अंगावर मूठभर मांस चढवून मी तिची पाठवणी केली आणि कृतार्थ झाले. पुढे तिच्या सासूबाईंनी तिला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा तो आजार असल्याचे मला कळले.

प्रसूतीनंतर प्रथम रडू येणे स्वाभाविक आहे. ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ओसरले नाही, बाळ निजले तरी झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, असे असेल तर तो उपचाराने बरा होणारा विकार समजावा. १९८७ साली प्रसिद्ध झालेली, तो ओळखण्याची एडिंबरा प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे. जीव नकोसा झाल्याचे बाळंतिणीने बोलून दाखविल्यास तिला क्षणभरही एकटी ठेवू नये. त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी होते. रडू ओसरू लागण्याचीच ती वेळ. तेव्हा भगिनींनो, अंगडे-टोपडे घेऊन पाळण्याकडे वळण्यापूर्वी घटकाभर बाळंतिणीपाशी बसा. खाली मान घालून "बरी आहे" म्हणाली, तरी लगेच उठू नका.