धुराचा हिशेब
(तिसगाव येथील भाषणावरून)

पेट्रोलवरील छोट्या मालट्रकच्या सायलेन्सरच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंच्या योगाने विषारी वायू बरेचसे निरुपद्रवी करतो. ऑक्सिजन सेन्सर धुरातील ऑक्सिजन मोजून इंधनाचे प्रमाण राखतो. हे भाग महाग, म्हणून बिघडताच मालक ते काढून साधी नळी बसवतो. पण खर्च नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो: जादा इंधनाचा त्याच्याच खिशावर, विषारी धुराचा रस्त्याकडेच्या भाजीवालीच्या छातीवर. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज-६ चे नियम योग्यच आहेत. परंतु हप्त्यांनी पिचलेल्याला नुसता दंड करून हवा शुद्ध होणार नाही. हवा सर्वांची असेल, तर सुट्या भागांसाठी स्वस्त कर्ज ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.