मुरमाड जागेतली फुलं
(इस्लापूर येथील मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



हिशोबाच्या वह्या उघडायच्या आधी एक कबुली देते. मागच्या वर्षी एका गटाने घरामागं निशिगंध लावला, तो माझ्या सांगण्यावरून. जागा कडक मुरमाची. मी म्हणलं, खड्डे करा आन् काळी माती भरा. मला वाटलं, माती चांगली तर फूल चांगलं. झालं काय, तो खड्डा म्हणजे घमेलंच की! झड लागली, पाणी साचलं, कंद सडले. गटाचे ६०० रुपये पाण्यात. एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, तिथं तरवड बरा फुलत होता, तुम्हीच उपटायला लावला."

बरोबर होतं त्यांचं. तरवडाला कोण खत घालतं? दगडात उभा राहतो, पिवळाधमक फुलतो. आपल्या सीमेपलीकडं बतुकम्मा याच फुलांनी रचतात. तेलंगणाचं ते राज्यफूल आहे. आपण मात्र त्याला झुडूप म्हणतो.

मग मी जरा वाचलं. हिमालयात उंचावरची फुलं कित्येक महिने बर्फाखाली राहतात, थंडीने मरत नाहीत. तीच खालच्या बागेत नेली की मुळाशी पाणी साचून सडतात. म्हणून थंड देशातले हौशी लोक त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांची बाग रचतात. विकतचे दगड आणून! सातारा जिल्ह्यातलं कास पठार तर आपल्याच राज्यातलं. जांभ्या खडकावर बोटभर माती, तरी पावसाळ्यात फुलांनी भरतं. उन्हाळ्यात त्यातली कितीतरी झाडं जमिनीखाली कंद होऊन झोपतात.

तर या वेळी खड्डा नाही, उंचवटा करायचा. जागा उताराची बघा. तळाला मोठे दगड टाका, त्यावर मुरूम, थोडी माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून वीतभर थर. मधे मधे दगड अर्धे गाडा, उताराकडं कललेले नकोत, आत कललेले ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी मुळाकडं मुरतं आणि जास्तीचं खालून निघून जातं. कंद लावल्यावर वरून बारीक खडी पसरा. बुंधा कोरडा राहतो, खाली ओल टिकते.

निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमधे लावा, वीतभर अंतराने. एकदा लावला की दोन-तीन वर्षं फुलं देतो. कडेला सदाफुली लावा, तिला शेळी तोंड लावत नाही. तरवडाचं बी टणक असतं, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पेरा. कळलावी दिसायला देखणी, पण कंद विषारी, लेकरांच्या घरी नको.

त्या गटाला मी म्हणलं, आधी दहाच कंद लावू. त्यांनी अजून हो म्हणलेलं नाही. आज त्या इथंच बसल्यात, म्हणून पुन्हा विचारते.