जुन्या नेटबुकाचा पुनरुपयोग



नागपूर जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या कपाटात लहान नेटबुक पडून असेल, तर ते निकामी ठरविण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. इ.स. २००७ मध्ये आसूसचे ७ इंची पडद्याचे पहिले नेटबुक निघाले, ते लिनक्ससहच. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून त्यावरील जड कार्यप्रणालीचा असतो.

प्रथम मुलांचे लेखन व शाळेच्या नोंदी अन्यत्र उतरवून घ्याव्यात. स्थापनेत त्या पुसल्या जाण्याचा संभव असतो. नंतर प्रोसेसर पाहावा. ॲटम एन-२७० हा ३२-बिट आहे. डेबियनच्या २०२५ सालच्या १३ व्या आवृत्तीत अशा यंत्रांसाठी स्थापनासंच नाही, म्हणून १२ वी आवृत्ती घ्यावी. ती पेनड्राइव्हवरून स्थापित करून मग पडदा, आवाज व वाय-फाय तपासावे.  डेस्कटॉप एलएक्सडीई अथवा एक्सएफसीई असा हलका निवडावा. कार्यक्रमाची चौकट पडद्याबाहेर गेल्यास ऑल्ट कळ दाबून ती माउसने ओढावी. एका वेळी एकच कार्यक्रम उघडावा.

शेवटी मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक अवश्य जोडावा. विद्यार्थ्याने त्यावर स्वतःचे नाव मराठीत लिहिले, म्हणजे हे श्रम सार्थकी लागले.