दोन्ही गोष्टी सांगाव्या
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



या मंगल दिवशीं आनंदाचे चार शब्द बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु ज्या नगरांत आपलें मंदिर उभें आहे, त्याची एक दुःखद आठवण आपणांपुढें ठेवणें आम्ही कर्तव्य समजतों.

15 ऑगस्ट 1947 रोजीं देश स्वतंत्र झाला. जालना शहर मात्र निजामाच्या राज्यांत राहिलें. त्या नोव्हेंबरांत ‘जैसे थे’ करार झाला, तरी प्रजेस स्वस्थता लाभली नाहीं. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांनीं खेडोपाडीं लूट, जाळपोळ व हत्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें लढा दिला. अनेक कुटुंबें घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेलीं. 13 सप्टेंबर 1948 रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें. औरंगाबाद शरण आलें, जालन्याचा ताबाही त्याच मोहिमेंत मिळाला, आणि 17 तारखेस निजामानें युद्धबंदी जाहीर केली. तोच आपला मुक्तिदिन.

येथपर्यंतची कथा आपल्या मुलांस पाठ आहे. पुढची सहसा कोणी सांगत नाहीं. रझाकारांच्या पापाचा सूड त्यांच्या निरपराध धर्मबांधवांवर उगविला गेला. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानांत फिरून चौकशी केली. मृतांची संख्या 27,000 ते 40,000 असावी, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळले. हा अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं.

त्याच अहवालांत एक दिलाशाची नोंद आहे. कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांचें रक्षण केलें, आणि त्यापायीं कित्येकांनीं प्राणही वेंचले. ज्यांचा धंदा एक, त्यांस शेजारी केवळ परधर्मी असा दिसला नाहीं. तो ओळखीचा माणूस होता. अफवेचें बळ तेथेंच संपतें.

आपण येथें संख्येनें थोडे आहों. तंट्याच्या वेळीं दार लावून बसावें, हें थोड्यांस सोपें वाटतें. परंतु नवीन जालना व जुना जालना यांमधून कुंडलिका वाहते. येणेंजाणें आहे, म्हणूनच नगर एक आहे. तें येणेंजाणें आपल्या घरापासून तुटूं नये.

म्हणून आमची एवढीच विनंति: येत्या 17 सप्टेंबरास ध्वजास आदरानें वंदन करा. त्या काळीं बालवयांत असलेले जे वृद्ध आज हयात आहेत, त्यांस दोन्ही गोष्टी विचारा, लिहून ठेवा, आणि मुलांस दोन्ही सांगा. एकच गोष्ट ऐकून वाढलेलें मूल उद्यां सूडास न्याय म्हणेल.

प्रभु आपणां सर्वांस सत्य सांगण्याचें धैर्य देवो.