जुना सांगाती, घरची भाकर



2020 आणि 2021 साली पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आम्ही आषाढी बांधावरच टाळ वाजवून केली. 2022 ला पुन्हा निघालो. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, तरडगावी मुक्काम पडला. तिथले आमचे जुने विणेकरी आता गुडघ्यांनी अधू. सूनबाईनं पाटीभर भाकरी थापल्या होत्या. पिठलं, ठेचा, कांदा. बुवा काठी टेकून स्वतः वाढायला उभे. म्हणाले, "आमची वारी आता तुमच्या ताटापत्तोर."

आम्ही म्हणालो, "बुवा, तुमची भाकर खाऊन आम्ही चालतो, म्हंजे तुमीच चालता."

मंडळी, दिंडी शंभर वर्षं चालली ती पायांवर, तशीच चुलीपुढच्या मायमाउल्यांच्या हातांवर. त्या हातांना आमचा दंडवत.